घरात सगळ्यांत लहान कोण?

"हितं आल्यावर खोकतच न्हाई बघा, मॅडम."

चाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की मी हातातलं पेन खाली ठेवते. समोर सहा वर्षांचा मुलगा पाय हलवत बसला होता. ताप नाही. छातीला नळी लावली तर छाती स्वच्छ. गेले तीन आठवडे खोकला आणि दोन बाटल्या औषध संपलेलं. त्याच्याकडे बघून कुणीही म्हणालं असतं, आई उगीच घाबरलीय.

तिनं पर्समधून मोबाइल काढला. रात्री अडीचचं चित्रण होतं. मुलगा अंथरुणात उठून बसलेला आणि एकामागून एक ठसके, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. मी मोजले, चौदा. चेहरा आधी लाल, मग जांभळा. जीभ बाहेर, डोळ्यांतून पाणी. आणि सगळी हवा संपल्यावर अरुंद फटीतून वारा घुसावा तसा आत ओढलेला श्वास, "हूऽऽप". मग तार सुटावी तसा चिकट कफ, त्यामागून उलटी. दोन मिनिटांनी पोरगा गाढ झोपलेला.

डांग्या खोकला. सांगायला तपासणीची गरज नव्हती. तरी मी पहिला प्रश्न त्याच्याबद्दल विचारला नाही.

"घरात सगळ्यांत लहान कोण आहे?"

"ह्योच की. ह्याच्यावर मला न्हाई."

"तुमचं नव्हे हो. सगळ्या घरात."

"जावंचं बाळ हाय. दुसरं बाळंतपण हितंच केलंय. परवा बारसं झालं."

मी फोन उचलला आणि त्या बाळाला लगेच घेऊन यायला सांगितलं. त्याला खोकला नाही, सर्दी नाही, मग कशाला, असं बाळाच्या आजीनं फोनवरच विचारलं. प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शिकायला मला स्वतःला फार महागात पडलं होतं.

मी कराडला मुलांची डॉक्टर आहे, पण डांग्या खोकल्याची माझी ओळख डॉक्टरकीच्या आधीची. १९६३ साली, पाच वर्षांची असताना, पाटण तालुक्यातल्या आजोळी मी स्वतः तो खोकले. आजी त्याला माकडखोकला म्हणायची. हिंदीत काली खांसी. चिनी आणि जपानी भाषांत त्याचं नावच 'शंभर दिवसांचा खोकला' असं आहे, आणि सगळ्या नावांत हेच मला सर्वांत खरं वाटतं. उबळ आली की आजी मला उचलून अंगणात न्यायची. उशाशी राखेनं भरलेलं टमरेल असायचं. ज्येष्ठमध झाला, अडुळसा झाला, खडीसाखर झाली. शेवटी गाढविणीचं दूध विकणारा दारावरून गेला आणि चमचाभर दूध माझ्या पोटात गेलं. त्यानंतर आठवडाभरात खोकला उतरला. आजी मरेपर्यंत त्या गाढविणीचे उपकार मानत होती.

आज कळतं ते असं: हा खोकला दोन-तीन महिन्यांनी आपला आपणच उतरतो. कंटाळून शेवटी जो उपाय केला जातो, श्रेय त्याला मिळतं. गाढविणीचं कच्चं दूध विकणारे अजूनही गावोगाव फिरतात. त्यानं हा जंतू मरत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला खोकल्यासाठी मध चाटवणं तर धोक्याचंच आहे, कारण मधातून जाणारा एक वेगळाच जंतू त्या कोवळ्या आतड्यात विष तयार करू शकतो.

आता या रोगाच्या जंतूकडे वळू. त्याचं नाव बोर्डेटेला पर्टुसिस. एका मिलिमीटरच्या रेघेवर हजाराहून अधिक बसतील एवढा तो बारीक. माणूस सोडला तर त्याला दुसरं घर नाही. गाईगुरांत नाही, पाण्यात नाही, मातीत नाही. त्याचाच एक चुलतभाऊ कुत्र्यांना खोकवतो, डुकरांत आणि सशांतही सापडतो. पण पर्टुसिसनं माणसाशी संसार थाटताना बाकी ठिकाणी जगायला लागणारी कितीतरी जनुकं गमावली. त्यामुळे एका माणसातून बाहेर पडलं की दुसरा माणूस मिळालाच पाहिजे, ही त्याची अडचण. ती तो कशी सोडवतो? आपल्याला खोकायला लावून.

आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. तिला झाडूवाल्यांची रांग समजा. चिकट स्रावात अडकलेली धूळ, जंतू हे सगळं ती लव लाटेसारखी हलत वर घशाकडे ढकलत असते, रात्रंदिवस. बहुतेक जंतू या झाडूला घाबरतात. पर्टुसिस मात्र झाडूलाच जाऊन चिकटतो. त्यासाठी त्याच्याकडे चिकटण्याची खास प्रथिनं आहेत. एकदा बस्तान बसलं की तो स्वतःच्या भिंतीचे बारीक तुकडे सोडतो आणि त्यांनी ही लव असलेल्या पेशी मरून गळून पडतात. आता कफ साचतो, पण ढकलायला कुणी उरलेलं नसतं. शरीराकडे एकच उपाय उरतो, जोरानं खोकून तो बाहेर फेकणं.

दुसरं हत्यार म्हणजे त्याचं मुख्य विष, पर्टुसिस टॉक्सिन. ते पेशींच्या आतली निरोपांची देवघेव बिघडवतं. रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून उतरून लढाईच्या जागी जायच्या, त्या उतरूच शकत नाहीत. फौज रस्त्यावरच अडकून पडते. म्हणून या रोगात रक्त तपासलं की पांढऱ्या पेशींचा आकडा भलताच वाढलेला दिसतो. तान्ह्या बाळात तो कधीकधी इतका चढतो की फुप्फुसांच्या बारीक वाहिन्या त्या पेशींनीच तुंबतात आणि हृदयाला रक्त पुढे ढकलता येत नाही.

लागण झाल्यावर साधारण सात ते दहा दिवस काहीच होत नाही. मग आठवडा-दोन आठवडे साधी सर्दी, नाक गळणं, बारीकसा खोकला. जंतू सर्वाधिक पसरतो तो याच काळात, कुणाला शंकाही नसताना. घरात एकाला झाला तर प्रतिकारशक्ती नसलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांना तो गाठतो. नंतर उबळींचे आठवडे सुरू होतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरतं, जिभेखालची दोरी पुढच्या दातांवर घासून फाटते, हर्निया बाहेर येतो, मोठ्या माणसांची बरगडीसुद्धा मोडते. आणि गंमत अशी की तोवर जंतू बरेचसे संपलेले असतात. राहतं ते उजाड झालेलं अस्तर. म्हणूनच आई विचारते, "ॲन्टिबायोटिक देऊनही खोकला का जात नाही?" पहिल्या आठवड्यात अझिथ्रोमायसिनसारखं औषध मिळालं तर आजार हलका होऊ शकतो. उबळी सुरू झाल्यावर ते देतात ते मुख्यतः दुसऱ्यांसाठी, पाच दिवसांत रोग्यापासून होणारा प्रसार थांबावा म्हणून. झाडू पुन्हा उगवायला आठवडे लागतात, आणि ते आठवडे काढावेच लागतात.

हे सगळं पुस्तकात वाचून मी १९८५ साली एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून उभी होते. परीक्षेत मला डांग्या खोकल्यावर चांगले गुण होते. पहाटे एक बाई पाच आठवड्यांचं बाळ घेऊन आली. म्हणाली, "दूध पिता पिता मधीच थांबतंय, काळं पडतंय, मग परत नीट होतंय." मी बाळ तपासलं. गुलाबी, शांत. ताप नाही, खोकला नाही, छाती स्वच्छ. दूध श्वासात जात असेल, असं ठरवून मी नाकात घालायचे थेंब लिहून दिले आणि पाजल्यावर ढेकर काढायला सांगितलं. मी तिला घरी पाठवलं.

त्याच रात्री ती परत आली. बाळ श्वास घ्यायचं थांबत होतं. हलवलं की घ्यायचं, पुन्हा थांबायचं. पांढऱ्या पेशी साठ हजारांवर गेल्या होत्या. आमच्या सीनियर मॅडमनी कागद बघितला आणि आईला एवढंच विचारलं, "घरात खोकतंय कोण?"

"नणंद. महिना झाला. पण ती मोठी हाय, कॉलेजला जाती."

मी मागं वळून बघितलं. व्हरांड्यात एक मुलगी ओढणी तोंडावर धरून उभी होती, आणि खोकत होती. साधा, कोरडा खोकला. तिला कुणीही रोगी म्हटलं नसतं. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. शेवटपर्यंत ते एकदाही 'हूप' करून खोकलं नाही.

पुस्तकात होतं तेसुद्धा. मी ते ओलांडून पुढे गेले होते. तो आवाज काढायला छातीत जोर लागतो. महिना-दीड महिन्याच्या बाळात तो नसतो. ते खोकण्याऐवजी श्वासच थांबवतं. आणि मोठ्या माणसात लहानपणच्या लशीची किंवा आजाराची थोडी प्रतिकारशक्ती उरलेली असते, म्हणून त्याचा खोकला नुसताच लांबलेला वाटतो. म्हणजे रोग ओळखू येतो तो मधल्या वयाच्या मुलात. जो पसरवतो त्याच्यात दिसत नाही, आणि जो मरतो त्याच्यातही दिसत नाही. माझ्या आईच्या पाठची एक मावशी दीड महिन्याची असताना "झोपेतच गेली," असं आजी सांगायची. त्याच थंडीत घरातली तीन पोरं माकडखोकल्यानं बेजार होती, हेही सांगायची. तिच्या लेखी ही दोन वेगळी दुखणी होती. माझ्याही लेखी होती, त्या पहाटेपर्यंत.

हा जंतू माणसाच्या हाती लागला तो १९०६ साली. ब्रुसेल्सच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्डे आणि ऑक्ताव झांगू यांनी बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त यांची एक खीर बनवली, तेव्हा कुठे हा नखरेल जंतू वाढला. जंतूचं नाव बोर्डेंवरूनच पडलं. पण मला जवळच्या वाटतात त्या अमेरिकेतल्या दोन बायका, पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग. दोघींना लहानपणी हाच खोकला झालेला. दोघीही आधी शाळामास्तरणी. १९३२ मध्ये, ऐन मंदीत, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी सरकारी प्रयोगशाळेतलं दिवसाचं काम उरकून त्या संध्याकाळी बाहेर पडायच्या. रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात घरोघर जाऊन खोकणाऱ्या पोरांच्या तोंडासमोर रक्ताचं माध्यम भरलेली काचेची बशी धरायच्या आणि त्यांना खोकायला लावायच्या. बशीत जंतू उगवला तर रोग पसरवण्याचा काळ अजून संपलेला नाही, असं कळायचं. त्या काळी अमेरिकेत दरवर्षी सुमारे सहा हजार जीव या खोकल्यानं जात. या दोघींनी मारलेल्या जंतूंची लस बनवली आणि १९३४ पासून गावातल्या मुलांवर काटेकोरपणे तपासली. त्यांच्या प्रयोगशाळेत लोनी क्लिंटन गॉर्डन ही कृष्णवर्णीय तरुणी कामाला आली. हजारो बश्या तपासून लशीसाठी हवा तसा जहाल जंतू तिनं शोधून दिला. पुढे घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशींबरोबर ही लस एकत्र झाली. आपल्याकडची 'त्रिगुणी' ती हीच.

आपल्या देशात १९७८ पासून सरकारी लसीकरण कार्यक्रमात त्रिगुणी आली, १९८५ पासून तो कार्यक्रम देशभर वाढवत नेला. आज सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना जी पेंटाव्हॅलंट टोचतात, तिच्या पाच भागांत हा एक आहे. पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांना बूस्टर. ते दुसरं बूस्टर निम्मे पालक विसरतात, असा माझ्या दवाखान्यातला तरी अनुभव आहे. माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलाचंही राहिलं होतं.

लशीचा विषय निघाला की हमखास येणारी विनंती, "मॅडम, न दुखणारी द्या." सरकारी केंद्रात मिळते ती 'दुखणारी', तीत संपूर्ण मेलेला जंतू असतो. मांडी सुजते, रात्री ताप येतो, पोर किरकिरतं. खासगीत महाग मिळते ती 'न दुखणारी', तीत जंतूची निवडक, शुद्ध केलेली प्रथिनं असतात. तिचा जन्मच भीतीतून झाला. १९७४ साली लंडनच्या डॉक्टरांनी लशीनंतर मेंदूचा त्रास झालेल्या ३६ मुलांचा अहवाल छापला. बातम्या झाल्या, आणि ब्रिटनमध्ये लस घेणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३० टक्क्यांच्या आसपास आलं. मग खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. जपानमध्ये लशीनंतर दोन बाळं दगावल्यावर लसीकरण थांबलं, पुढे रोडावलं. १९७९ मध्ये तिथे तेरा हजारांवर रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले. त्यानंतर १९८१ मध्ये जपाननेच ही शुद्ध प्रथिनांची लस वापरात आणली.

मेंदूच्या त्या आरोपाचं काय झालं? २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या पुढाकारानं, लशीमुळे मेंदूला इजा झाली असं मानलेल्या १४ जणांची जनुकं तपासली गेली. अकरा जणांत एकाच जनुकाचा दोष निघाला. तो दोष लहानपणी फिट आणणारा, जन्मतःच असलेला. लशीच्या तापानं पहिली फिट त्या दिवशी आली असेल, आजार मात्र आधीपासून होता.

'न दुखणारी' लसही मुलाला आजारापासून वाचवते, हे नीट ध्यानात घ्या. पण तिचं संरक्षण काही वर्षांतच ओसरतं. फक्त तीच वापरणाऱ्या अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, २०१० साली नऊ हजारांवर रुग्ण झाले आणि दहा तान्ही बाळं गेली. बबून माकडांवरच्या प्रयोगात दिसलं की ही लस घेतलेलं माकड स्वतः आजारी पडत नाही, पण जंतू घशात बाळगतं आणि दुसऱ्या माकडाला देतं. म्हणून मी पालकांना सांगते, रात्रीचा तो ताप सोसा. पॅरासिटॅमॉल द्या, मांडी चोळू नका, आणि लाजू नका, सरकारी लस गरिबांची म्हणून हलकी नसते. आधीच्या डोसनंतर झटका आला असेल किंवा काही गंभीर घडलं असेल तर मात्र पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगा.

राहतात ते पहिले सहा आठवडे. बाळाला या लशीची पहिली सुई मिळेपर्यंतचे, आणि खरं तर दोन-तीन सुया होईपर्यंतचेही. त्या काळात त्याच्याकडे आईनं पोटात असताना दिलेलीच शिदोरी असते, आणि आईची स्वतःची लस पंचवीस वर्षांपूर्वीची असेल तर ती शिदोरी रिकामीच. यावर उपाय आहे. गर्भारपणी, साधारण सत्तावीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान आईला टीडॅप लस दिली की तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं नाळेतून बाळाला मिळतात. इंग्लंडनं २०१२ च्या साथीत हे सुरू केलं आणि लस घेतलेल्या आयांच्या बाळांत दहांपैकी नऊ आजार टळल्याचं दिसलं. तिथेच २०२४ मध्ये पुन्हा मोठी साथ आली, जवळपास पंधरा हजार रुग्ण झाले आणि अकरा बाळं दगावली. आपल्याकडे सरकारी केंद्रात गर्भवतीला मिळते ती टीडी. तीत धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या खोकला नाही. टीडॅप खासगीत मिळते. डोहाळजेवणाच्या खर्चात ती सहज बसते, एवढंच मी म्हणेन.

आणि बारशाला येणाऱ्यांसाठी एक सांगणं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बाळाच्या कानात "कुर्र" करायचा मान दुसऱ्या कुणाला द्या. पाळणा लांबून ऐकला तरी आशीर्वाद पोचतो.

जावेचं ते बाळ त्या दिवशी संध्याकाळी आलं. पंधरा दिवसांची मुलगी. तिच्या आईला गर्भारपणी टीडॅप मिळालेली नव्हती. बाळाला काहीच होत नव्हतं, तरी मी दाखल करून घेतलं. बोटाला प्राणवायू मोजणारं यंत्र लावलं, वजनाप्रमाणे औषध सुरू केलं, घरातल्या नऊच्या नऊ माणसांना गोळ्या दिल्या. आजी माझ्यावर नाराज होती. सुतकात बसावं तशी कॉटशेजारी बसून राहायची. चौथ्या रात्री यंत्र एकदा वाजलं, नर्स धावली, तर मुलीनं पाय झाडून वायर सोडवली होती. पुढे काही दिवस ठेवून घरी सोडलं.

सहा आठवडे पुरे झाल्यावर ती पहिल्या सुईसाठी आली. सुई टोचताच तिनं असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरची पोरंही रडायला लागली. तिची आई कासावीस होऊन म्हणाली, "लई दुखलं वाटतं."

"दुखलंय," मी म्हटलं, "पण रडू दे. एवढं रडायला श्वास भरपूर लागतो."

मग बोळा दाबून धरत सवयीनं तो दुसरा प्रश्न विचारला, "घरात कुणी खोकत नाही ना आता?"